दोन सेकंद थांब

आनंदवाडी बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून
मच्छीमार सोसायटीची कचेरी, तिथे माझं टेबल.
की-बोर्डवर खारी हवा बसते,
‘र’ दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही.

म्हणून तर शिकले हे.
स्क्रीनच्या उजव्या कडेला एक पॅलेट तरंगत ठेवलं,
त्यात बटणं मांडली, जशी आई
देवगडच्या बाजारात वाटे मांडायची:
मोठे मागे, बारीक पुढे,
आणि आज खपायलाच हवेत ते गिऱ्हाइकाच्या नजरेखाली.
निळं डिझेलच्या कोट्याचं. पिवळं रोजच्या टोकनाचं.
लाल, बोट भर समुद्रात बंद पडल्याचं,
ते अगदी खाली, कोपऱ्यात,
चुकूनसुद्धा बोट लागू नये असं.

खात्याची साइट उघडली की पॅलेट दिसतं,
मिटली की जातं,
ओहोटीला खडकावर उघडी पडणारी कालवं जशी.
एका बोटाने एक बोट. दाबलं की मी नसतेच.
कर्सर आपला आपण घरोघर फिरतो:
नाव, टॅब, बापाचं नाव, टॅब,
नोंदणी, टॅब, टॅब, (मधला रकाना कुणीच भरत नाही)
इंजिन, खलाशी, बर्फ, परतायची तारीख.

जनू टिकम काउंटरवर कोपर टेकून बघतो.
‘ह्यां कोण लिवता गो?’
मीच. काल रात्री लिहून ठेवलंय.
‘म्हंजे तू घराक गेलंस तरी चालात?’
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एकदा खात्याने न सांगता रकाने हलवले.
बटण कुठे वाचतं? ते पाठ म्हणतं.
अठ्ठावीस अर्जांवर इंजिनाच्या जागी बाप जाऊन बसले.
इंजिनाची कंपनी: दत्ताराम.
इंजिनाची कंपनी: इस्माईल.
मुबारक होडेकर हसता हसता खोकला,
‘बापूस माझो सहा सिलिंडरचोच हुतो,
ब्रेक आयशीकडे.’
संध्याकाळभर मी एकेक बाप हाताने खोडत बसले.

तेव्हापासून प्रत्येक मॅक्रोत, सहाव्या पायरीवर,
एक ओळ घातली: दोन सेकंद थांब.
पान पुरतं उघडू दे, मग पुढे.

दोन सेकंद म्हणजे काय, काहीच नाही.
पण तेवढ्यात हाताला काम नसतं,
मान आपसूक वर होते.
जनूच्या अंगठ्याची जखम अजून ओली आहे.
मुबारकच्या खलाशांत एक नेपाळी पोरगा नवा,
स्क्रीनवर स्वतःचं नाव उमटतंय
ते ओठांनी जुळवतोय.
आणि रुक्मांगद खवळे रोज टोकन नेतो,
त्याची बोट मात्र खिडकीतून दिसते, जेटीलाच.
त्या दिवशी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी विचारलं.
‘तांडेल गावना नाय,’ तो म्हणाला,
‘कागद तरी चालू ऱ्हवांदे.’
म्हणजे सबंध मोसम
माझं पिवळं बटणच त्याची बोट
पहाटे बाहेर काढत होतं, संध्याकाळी आत आणत होतं,
रिकामी.

यंदा फायबरची लाइन आली. पान आता पापणी लवायच्या आत उघडतं.
एकतीस जुलै, रात्रीचे साडेदहा, उद्या बंदी उठणार,
रांग पार डिझेल पंपापर्यंत.
चेअरमन मागे येऊन उभे राहिले:
ते थांबणं काढून टाक आता, एकशेचाळीस बोटी आहेत.
मी हिशेब केला. सगळे मिळून
चार मिनिटं चाळीस सेकंद.

मॅक्रो उघडला. सहावी पायरी.
दोनाच्या जागी तीन केलं, सेव्ह केलं.

‘या,’ म्हटलं, ‘पुढे कोण?’
रुक्मांगद. हातात टोपी, मागे एक अनोळखी माणूस,
तांडेल असावा.
त्याच्या नावाचं बटण आहे माझ्याकडे,
तरी आज हाताने लिहिलं.
र. र.